कोपऱ्यातला आकडा

कोपरा सरांचा हात त्यांच्या तोंडाआधी बोलायचा. घर कडोलीचं, शेतकऱ्याचं. रविवारी स्वतः औत धरायचे आणि सोमवारी तोच रुंद तळवा एम.एस्सी.च्या वर्गात आमच्या कानाखाली. मिशा फुटलेल्या पोरांवर हात टाकणारा प्राध्यापक अख्ख्या बेळगावात दुसरा नसावा. आता ते गेल्यावर लोक म्हणतात, सर शिस्तप्रिय होते. शिस्तप्रिय कसले? मारायचे. मला विचारा.

त्यांचं संशोधन एका खास जातीच्या मॅट्रिक्सवर होतं. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा चौकोन, पण यांचा चौकोन फार शिस्तीचा. वरची ओळ एक घर उजवीकडे सरकवली की खालची तयार, त्यामुळे तिरक्या रेघेवर सगळीकडे एकच आकडा. अशा चौकोनाच्या कोपऱ्यात एखादा उपरा आकडा येऊन बसला तर बाकीच्यांचं काय होतं, हा सरांचा आयुष्यभराचा प्रश्न. शिकवता शिकवता कोपऱ्याशी आले की आधी खडू मोडायचा, मग मूठ आपटायची. आमच्या फळ्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात लाकूड चेपलं होतं आणि त्या खळग्यात सरांचं वाळलेलं रक्त होतं. नाव तिथूनच पडलं.

‘‘तोंडावर जाऊ नगा, स्वभाव बघा,’’ हे त्यांचं नेहमीचं. मॅट्रिक्सचा स्वभाव म्हणजे त्याची आयगेन मूल्यं. तोच मॅट्रिक्स पुन्हा पुन्हा लावत गेलं तर शेवटी सगळं विझणार की फुगत जाऊन फुटणार, हे ती मूल्यं सांगतात. एकाहून लहान असतील तर विझणार, मोठी असतील तर फुटणार. एकदा पुढच्या बाकावरच्या एकाने विचारलं, ‘‘सर, पण याचा उपयोग काय?’’ डस्टर थेट कपाळावर. भळाभळा रक्त. सरांनी स्वतःचा रुमाल त्याच्या डोक्याला आवळला, स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टर टाके घालत असताना त्याला उपयोग समजावला. ‘‘हलू नको रं. ऐक नीट, परत सांगणार न्हाय.’’ तो पोरगा पुढे गणितातच डॉक्टर झाला. कपाळावरची खूण कौतुकाने दाखवतो. मी तसा नाही.

मी निपाणीचा. सर मला नावाने कधी बोलावत नसत, ‘निपाणी’च म्हणत. माझा बाप, आप्पा, तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचा. घरात पहिला शिकलेला मी. प्रकल्प मांडायच्या दिवशी आप्पा धुतलेला सदरा घालून आला आणि वर्गाच्या दाराशी उभा राहिला. आत ये म्हटलं तर म्हणाला, ‘‘नगं, हितनं दिसतंय.’’

सरांनी मला वीस ओळींचा मॅट्रिक्स दिला होता. कर्णाच्या वरच्या तिरक्या रेघेवर सगळे दोन, बाकी सगळीकडे शून्य, आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात लाखातला एक भाग. एवढासा आकडा ठेवून कॉम्प्युटर चालवला की वीस मूल्यं एकाच्या बाहेर जाऊन गोल रिंगण धरून उभी राहायची. असं का, ते मला कळेना. आकडा खोडला की सगळी मूल्यं शून्य. सुटसुटीत. मी खोडला.

‘‘हितला आकडा कुठं गेला रं, निपाणी?’’

‘‘लई बारीक हाय सर. लाखात एक. तेवढं चालतंय की.’’

‘‘चालतंय?’’

‘‘तेवढं सोडा की सर.’’

कानाखाली बसली आणि डोळ्यांपुढे अंधार आला. मी टेबलावर पडलो, ओठ फाटला. ‘‘आकड्याशी घासाघीस करतोस? बाजार हाय व्हय हा? चल, भाईर!’’ मी मान वर केली तर दारात आप्पा. तो सरांकडे बघत होता, माझ्याकडे नाही. मग एवढंच म्हणाला, ‘‘चल.’’ त्या दारातून मी पुन्हा आत गेलो नाही.

चूक माझी होती, मान्य. पण बापाच्या देखत? हा राग मी वीस वर्षं विझू दिला नाही. पदवी राहून गेली. मी साउंडच्या धंद्यात पडलो, हमालीपासून सुरुवात करून स्वतःचा संच उभा केला. घासाघीस हीच माझी विद्या ठरली. आप्पा गेला. सरांनी आपल्या तोंडाने ‘चुकलो’ म्हणावं, एवढीच इच्छा राहिली.

दोन वर्षांपूर्वी निपाणीत एका मैदानावर माझा साउंड होता. स्पीकरची रांग मैदानाला वळसा घालून गेलेली, एका ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवून पुढच्याला, त्याचा त्याच्या पुढच्याला. पाहुणा बोलायला उभा राहिला आणि स्पीकरांतून कान फाडणारी किंकाळी सुटली. बटणं फिरवली, थांबेना. आयोजकाच्या माणसाने लोखंडी गज घालून एक ॲम्प्लिफायर फोडला. मी त्याच्या नाकावर डोकं आपटलं. मग चौघांनी मला खाली पाडून तुडवलं, एक दात तिथेच पडला. जमिनीला गाल टेकलेला असताना मला रांगेचं शेवटचं टोक दिसलं. वळसा घालून स्टेजच्या मागे आलेला शेवटचा स्पीकर, तोंड किंचित पहिल्या माइककडे. शेवटच्याकडून पहिल्याकडे, लाखातला एक भाग. कोपऱ्यातला आकडा! मी रांगत गेलो आणि तो स्पीकर वीतभर फिरवला. किंकाळी जागच्या जागी मेली.

दुसऱ्या दिवशी सुजलेलं तोंड घेऊन मी अनगोळला सरांच्या घरी गेलो. त्यांना लकवा झाला होता, तोंडाची उजवी बाजू लोंबलेली. मला बघून म्हणाले, ‘‘कुणी मारलं रं, निपाणी?’’

मी सगळं सांगितलं आणि सौदा टाकला. ‘‘सर, आकड्याचं तुमचं खरं होतं, हे मी मान्य करतो. बापासमोर मारलं ते चुकलं, हे तुम्ही म्हणा.’’

‘‘ते तर मी त्याच आठवड्यात म्हणून आलोय,’’ सर म्हणाले. ‘‘वखारीत गेलतो. तुझ्या बापाला म्हटलं, चुकलं माझं, पोराला परत धाडा. त्यानं पोतं खाली ठेवलं आणि सगळ्या हमालांच्या देखत दोन कानाखाली वाजवल्या. लई जड हात. म्हणाला, पोराला ह्यातलं कळता कामा न्हाय, आणि तो परत येणार न्हाय.’’

आप्पाने मला मरेपर्यंत सांगितलं नाही. दोघांनी आपसात मिटवलं, आणि ज्याचा ओठ फाटला, ज्याचं शिक्षण गेलं, त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. माझं डोकं फिरलं. हात कधी वर गेला, कळलं नाही.

सरांनी तो बघितला. मान हळूच वळवली आणि डावा गाल पुढे केला.

‘‘हिकडं मार,’’ ते म्हणाले. ‘‘त्या बाजूला काय कळत न्हाय आता.’’

समोरच्याने पहिल्यांदा सांगितलेला भाव मी आयुष्यात कधी मान्य केला नाही. हाही केला नाही. हात तसाच खाली आणला, आणि त्याच हाताने त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

पुढच्या महिन्यात सर गेले. शोकसभेचा साउंड माझाच होता. शिस्तप्रिय, शिस्तप्रिय म्हणत लोक बोलत राहिले. मी शेवटच्या स्पीकरजवळ उभा होतो, त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला धरून. राग अजून आहे. पण आता तो कुणावर काढायचा?