आत्याचा स्पॉयलर

निर्णय नावाची साधी गोष्ट माझ्या आत्याइतकी अवघड करून ठेवणारं माणूस अख्ख्या खानदेशात दुसरं नसेल. चष्म्याची फ्रेम निवडायला तिला चार महिने लागले. तोवर मोडकी काडी दोऱ्याने बांधून ती शाळेत विज्ञान शिकवत होती. मिक्सर घ्यायला गेली तेव्हा घरून भिजवलेली डाळ डब्यात घालून नेली, दुकानातल्या पाच मिक्सरांतून ती वाटून घेतली, पाचही वाटणं बोटांनी चोळून पाहिली आणि "पुढच्या आठवड्यात येते" म्हणून निघून आली. तरुणपणी पाचोऱ्याच्या एका स्थळालाही तिने "विचार करून कळवते" असंच सांगितलं होतं. त्या गृहस्थांना आता नातवंडं झाली आहेत. आत्याने अजून नकार कळवलेला नाही.

अशा बाईने निवृत्त झाल्यावर स्पोर्ट्स कार घेतली हे मला फोनवर कळलं तेव्हा मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. झालं होतं असं, की तिच्या एका मैत्रिणीचा मुलगा परदेशी निघाला होता आणि त्याची गाडी दोन दिवसांत विकायची होती. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी. आत्याला विचार करायला वेळच मिळाला नाही, आणि ती हो म्हणून बसली. त्या घाईची सगळी भरपाई तिने पुढे स्पॉयलरवर केली. स्पॉयलर म्हणजे असल्या गाड्यांच्या डिकीवर बसवतात ती आडवी फळी. आधीच्या मालकाने आपली काढून घेतली होती आणि तिच्या स्क्रूची भोकं तशीच राहिली होती. आत्याने ती मेणाने बुजवली आणि मला जळगावला फोन केला. "रविवारी धुळ्याला ये. एक छोटं काम आहे."

ते छोटं काम आठ महिने चाललं. मी दर रविवारी सकाळची एसटी पकडायचो. बायकोने पहिले दोन महिने कारण विचारलं, नंतर नुसता डबा हातात द्यायला लागली.

धुळ्यात गाड्यांचं सामान विकणारा दुकानदार निघाला आत्याचा जुना विद्यार्थी. टक्कल पडलेला, पन्नाशीला आलेला माणूस, पण आत्या दुकानात शिरली की गल्ल्यावरून उठून उभा राहायचा आणि ती बस म्हणेपर्यंत बसायचा नाही.

"हा कशाचा आहे?" आत्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"फायबरचा, बाई."

"फायबर म्हणजे काय?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघितलं. "वाचून ठेवतो, बाई," तो म्हणाला, आणि पुढच्या रविवारी त्याने खरोखरच हात मागे बांधून, एका दमात, पाठ केलेलं उत्तर म्हणून दाखवलं. आत्याने त्याला एक पोटप्रश्न विचारला. तो पुन्हा अडकला.

एकदा त्याने धीर करून उलटा प्रश्न केला. "बाई, गाडी किती पळवता?"

"चाळीस. पारोळ्याच्या रस्त्याला पंचेचाळीस."

"मग वाऱ्याने गाडी खाली दाबायला तेवढा वेग..." ज्या बाईंकडून वाऱ्याचा दाब शिकला त्यांनाच तो शिकवायची हिंमत त्याला झाली नाही. मला झाली. मी परतताना बोललो. आत्या म्हणाली, "वेग पुढे वाढवीन ना. तू आधीच हातपाय गाळू नकोस."

मग तिने केळ्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून सहा तऱ्हांचे स्पॉयलर बनवले. ते डिकीवर चिकटपट्टीने लावायचे आणि मी गल्लीच्या टोकाला उभं राहून मत द्यायचं. मी चांगला म्हटलं, तर "का?" वाईट म्हटलं, तरी "का?" मग वही आली. वहीत कोष्टक, कोष्टकात गुण. 'टापटीप' या सदराखाली गाडीच्या फळीला दहापैकी साडेसहा मिळालेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत.

या सगळ्यावर कळस म्हणजे लोकरीचे दोरे. वारा कुठून वाहतो हे कळावं म्हणून तिने डिकीभर दोरे चिकटवले आणि स्कूटरवरून मला मागे लावलं. ती पंचेचाळीसने पुढे, मी दोऱ्यांवर नजर ठेवून मागे. रस्त्याकडेला मोटारसायकलवर चाऱ्याचा भारा बांधत असलेल्या एका शेतकऱ्याने आम्हाला थांबवलं.

"काय वं माय, नवस शे का काही?"

आत्याने गाडी बंद केली आणि त्याला भर उन्हात अर्धा तास समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकत राहिला, मग म्हणाला, "म्हंजे वारा गाडीले खाले दाबस."

"बघ," आत्या मला म्हणाली, "ह्यांना अर्ध्या तासात कळलं."

आठव्या महिन्यात कोष्टक पूर्ण झालं. डिकीच्या कडेला चिकटणारी लहानशी पट्टी सगळ्या सदरांत पहिली आली. मी मनोमन हात जोडले. दुकानात गेल्यावर दुकानदाराने तीच पट्टी पुढे केली, आणि आत्याने भिंतीवरच्या दोन पायांच्या, उंच, काळ्या, कोष्टकात शेवटच्या, सहाव्या नंबरच्या फळीकडे बोट दाखवलं.

"तो दे."

"आत्या, त्याला सगळ्यांत कमी गुण आहेत," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "मग आठ महिने आपण काय केलं?"

ती वहीची पानं चाळत राहिली. "मला वाटलं, त्याच्या बाजूने एखादं कारण सापडेल. नाही सापडलं." मग वही पर्समध्ये ठेवत म्हणाली, "नुसतं आवडलं म्हणून मी कधी काही घेतलेलं नाही रे. बघू जमतं का."

दुकानदार खाली बघून स्क्रू मोजायला लागला.

फळी बसली. आम्ही पारोळ्याच्या रस्त्याला लागलो आणि एका मोकळ्या जागी आत्याने गाडी कडेला घेतली. त्या बसक्या सीटमधून मी तिला दोन्ही हात धरून ओढून बाहेर काढलं.

"तू चालव," ती म्हणाली. "मला जाताना बघायचीय."

मी निघालो. आरशात तिचा चेहरा दिसेना. काळ्या फळीने तो झाकला होता. खाली फक्त साडीचा काठ आणि चपला दिसत होत्या, एका जागी अगदी स्थिर. पुढे वळून मी परत आलो.

"दिसली?"

"दिसली. अजून एकदा जा."

मी गेलो. परत आलो. तिसऱ्यांदा गेलो. चौथ्यांदा मला शेवटची एसटी आठवली आणि मी थोडा चिडून काच खाली केली. ती पर्स छातीशी धरून उभी होती, पदर वाऱ्याने उडत होता आणि तो सावरायचं तिच्या ध्यानातच नव्हतं. तिने काही म्हणायच्या आत मी काच वर केली आणि गाडी पुन्हा वळवली.