सोमवारचा जवळा

माझी धाकटी बहीण जासईला राहते आणि आई तिच्याकडेच असते. बहीण आईचे व्हिडिओ टाकते. कधी आईच्या डोक्याला तेल लावताना, कधी तिला हाताने भरवताना, मागे कुठलं तरी रडकं गाणं. खाली लोकांचे बदाम आणि 'अशी लेक सगळ्यांना मिळो'. करंजाडेत बसून मी हे बघायची आणि माझं डोकं फिरायचं. अगं, घरात गॅस असताना मागच्या दारी चूल कशाला पेटवायची? एरवी गाऊनमध्ये वावरणारी आई व्हिडिओत लुगड्यात कशी? आणि फोन केला की हिचं ठरलेलं, "ताई, आई झोपलीय." दुपारी झोपलीय, संध्याकाळीही झोपलीय. म्हटलं, कुठं तरी पाणी मुरतंय.

गेल्या सोमवारी दुपारी नवा व्हिडिओ आला. आई भाकरीबरोबर सुका जवळा खातेय, वर बोटं चाटतेय. मी ताडकन उठले. सोमवारी मासळी खाणं सोडाच, माझी आई घरात जवळा भाजूसुद्धा द्यायची नाही. आम्ही पोरी भोकाड पसरायचो, तरी तिने कधी नेम मोडला नाही. म्हणजे हे जुनं शूटिंग! एकाच दिवशी ढीगभर काढून ठेवायचं आणि रोज एकेक सोडायचं. मग आज आई कशी आहे? जेवते तरी का? तशीच रिक्षा केली. कंटेनरच्या रांगेत अडकले तेव्हा बहिणीला काय काय सुनवायचं ते मनात घोकत होते.

घरात शिरले तर जवळ्याचा वास. बहीण ताट घासत होती.

"हे आजचं?"

"आजचाच हाय," ती मान वर न करता म्हणाली. "सोमवार हाय सांगितला, तर माझ्यावरच भडकली. आता तिला वार नाय कलत, ताई. लुगडं तीच मागते, चूल पन तीच. एरवी तोंड मिटून बसते. मोबाईल धरला की हसते, चार घास खाते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू बोलली असतीस, नाटक करते."

बोललेच असते. देवा, हे सगळं खोटं निघायला हवं होतं! कडाकडा भांडून मोकळी झाले असते.

आतल्या खोलीत आई खाटेवर बसली होती. बहीण बाहेरच थांबली. समोर मोबाईल नव्हता, कुणी बघत नव्हतं. मला पाहताच आईने पदर सारखा केला, ताठ बसली आणि तोंडभर हसली.

"ये बाय, बस. पोरं कशी हायत?"

मला मूल नाही. ते व्हावं म्हणून सगळ्यात जास्त नवस हिनेच केले होते.

"मजेत आहेत," मी म्हणाले आणि मीही हसले.