खिडकीतली चिठ्ठी

दिगंबर, मुरुमच्या स्टँडवर तू माझी वळकटी पुण्याच्या गाडीत चढवलीस, तवा मी काय म्हणालो होतो, ध्यानात आहे का? "आठ दिवसांत परत येतो. लेकीच्या घरी माणसानं लई दिवस राहू नये." तुझ्या बायकोनं धपाटे बांधून दिले होते. तुझी चुलती जाऊन महिना झाला होता, गुडघे बसले होते, तरी मी सीटवर ताठ बसलो. मागं वळून बघितलं न्हाई. बघितलं असतं तर उतरलोच असतो.

त्याला आता तीन वर्षं होतील. इथं सुनंदाकडं पाचव्या मजल्यावर लिफ्टनं खाली-वर करतो. तिकडं बैलांना वैरण टाकायची वेळ, ती इथं दुधाची पिशवी आणायची वेळ. सोसायटीचा वॉचमन पहिल्या दिवशी म्हणाला, "काका, कुणाकडं?" म्हटलं, "लेकीकडं पाहुणा आलोय." अजूनही तो कधी विचारतो, अजूनही मी तेच सांगतो. तीन वर्षांचा पाहुणा! तो हसतो.

परवा तुझा फोन आला. "तात्या, मनीषाच्या दहावीच्या परीक्षेला चार दिवस येऊन जावा. शाळेत अजून तुमच्या शब्दाला मान हाय. गणितात पोरीला जरा आधार पायजे, बाकी मी बघतो." आधार म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. मी हो-न्हाई न बोलता फोन ठेवला. त्याचं उत्तर हे. अक्षर वेडंवाकडं आहे, लावून घे. माझं शिक्षण तिसरी, आणि तिसरीचाही मास्तर निम्मं वर्ष रजेवर.

सुनंदा दहावीला होती त्या साली सगळ्या पोरांचे बाप शाळेच्या मागल्या भिंतीवर होते. ज्याचा बाप भिंतीवर न्हाई, त्याला लेकराची माया न्हाई, असं बोललं जायचं. मीही धोतर खोचून चढलो. शिकवणीच्या पोरानं दोन चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या, एक गणिताची, एक विज्ञानाची. गणिताच्या पेपरला त्यातली एक खिडकीतून टाकली. सुनंदाचा बाक खिडकीशीच, भिंतीवरनं हात पोचंल इतका. तिनं चिठ्ठी उचलली आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात परत दिली. "तात्या, हे घरी न्या." भिंतीवर शेजारी बसलेला एक जण फिदीफिदी हसला, "पोरगी बापालाच नापास करती की रं!"

ती गणितात सहा मार्कांनी गेली. मी महिनाभर तिच्याशी बोललो न्हाई. बोललो ते एवढंच, "हातात आलेलं फेकलंस, भोग आता." भावकीत, बाजारात, तुझ्या बापापुढंही हेच सांगत फिरलो. ती सकाळी खुरपायला जायची, दुपारी लिंबाखाली पुस्तक उघडायची. ऑक्टोबरात पास झाली, नर्सिंगला गेली. तरी माझं तुणतुणं चालूच, एक साल फुकट घालवलं म्हणून.

आता जे लिहितो ते तुझ्या चुलतीलाही कधी सांगितलं न्हाई. त्याच दिवशी ती चिठ्ठी मी शिकवणीच्या पोराला परत द्यायला गेलो. त्यानं कपाळाला हात लावला. "तात्या, ही तर विज्ञानाची!" म्हणजे सुनंदानं ती ठेवून घेतली असती, तरी काडीचा उपयोग नव्हता. बारीक अक्षर मला लागत नव्हतं, आणि कुणाला विचारायची लाज वाटली होती. ती लाज झाकायला सगळा दोष पोरीच्या पदरात टाकला.

गेल्या पावसाळ्यात मला छातीत कफ झाला, सुनंदाच्याच दवाखान्यात ठेवलं. वॉर्डात एक नवीन सिस्टर होती. तिनं थर्मामीटर न लावताच साऱ्या खाटांच्या कागदांवर ताप लिहून टाकला. सुनंदाची ड्युटी संपली होती, पर्स खांद्याला होती. तिला ते दिसलं. तिनं पर्स खाली ठेवली आणि त्या पोरीला म्हणाली, "चल, दोघी मिळून मोजू." आवाज चढवला न्हाई. चौदाही खाटांवर दोघी पुन्हा फिरल्या. कागदावर माझा ताप साधा होता, मोजला तर एकशे तीन.

शाळा कशासाठी असती, ते मला त्या खाटेवर कळलं बघ. नोकरी लागती, ते खरंच. पण कुणी बघत नसताना कागदावर खरं लिहायचा हात तिथं तयार व्हावा लागतो. आपण बाप लोक भिंतीवर चढून तोच हात मोडतो, आणि त्याला माया म्हणतो.

तुझा फोन ठेवला तवा सुनंदा डबा भरत होती. तिला सगळं सांगून टाकलं. ती पोळी उलटत म्हणाली, "विज्ञानाची होती, मला माहीत हाय की. उचलली तवाच दिसलं."

"मग इतकी वर्षं बोलली का न्हाईस?"

"चारचौघांत तुमची तिसरी काढू का, तात्या? आणि गणिताची असती तरी परतच दिली असती." डबा पिशवीत टाकला आणि गेली ड्युटीला.

तर दिगंबर, मी येणार न्हाई. शाळेत माझ्या शब्दाला मान असंल, तर माझा शब्द एवढाच: मनीषाच्या खिडकीशी कुणी जाऊ नये, तूही न्हाई. अभ्यासाची सुट्टी लागली की तिला इकडं घेऊन ये. सुनंदा रोज गणित घेते म्हणाली. तरी नापास झाली, तर ऑक्टोबर हायच. साल फुकट जात न्हाई, हे आता मीच सांगतो.

खाली वॉचमन विचारील, कुणाकडं म्हणून. माझं नाव सांग. त्याला कालच बोलून ठेवलंय, गावाकडनं नात यायचीय, माझ्या घरी.