वॉर्डनच्या घरचा दिवा

अण्णा गेल्याचा निरोप मला कलघटगीला, माहेरी मिळाला. निरोप आणणारा माणूस उंबऱ्याबाहेरच थांबला, तेव्हाच कळायचं ते कळलं. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर, धारवाडच्या शाळेत मास्तर. साध्या तापाचं निमित्त झालं... मोटारीत मी रडले, पण रडताना मनात एक धास्तीही होती. घरात आता सुतक. देवाला हात लावायचा नाही. मग नंदादीप कोण राखणार?

हे लष्करात भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेले, त्या दिवशी सासूबाईंनी तो लावला होता. वसंता परत येईपर्यंत विझू द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. नेमके त्याच सुमारास अण्णा आपण होऊन गल्लीतल्या दिवेबंदीचे वॉर्डन झाले. शेजारी हुबळीला रेल्वेचा कारखाना, त्यामुळे विमानांची भीती इकडेही येऊन पोचली होती. डोक्यावर पत्र्याची टोपी, गळ्यात शिट्टी अशा थाटात ते दिवेलागणीला घरोघर फिरत आणि खिडक्यांना काळा कागद लावून घेत. लोक आदराचं कानडी 'री' लावूनच थट्टा करत, "अण्णा री, जपानला आमची गल्ली ठाऊक तरी हाय काय?" अण्णा हसत नसत. शेजारच्या गंगव्वाच्या कंदिलावरून तर त्यांनी तिला चांगलंच झापलं. ती कसली ऐकून घेते! भर गल्लीत म्हणाली, "माझा कंदील विझवलासा, मास्तर री. तुमच्या देवाचा दिवा कोन विझवनार?"

अण्णा खाली मान घालून घरात आले. "आई, निदान आजचा दिवस..." एवढंच बोलले. सासूबाई म्हणाल्या, "विझव. पण तूच विझव. माझ्या हातून व्हायचं नाही." अण्णांनी देवघराची एकुलती एक खिडकी काळ्या कागदानं बंद केली आणि कडा खळीनं चिकटवल्या. पुढे सगळा उन्हाळा आम्ही त्या कोंदट धुरात पूजा केली.

एकदा तिन्हीसांजेला मी पाणी घेऊन येत होते, तर अण्णा बाहेरून त्याच खिडकीला डोळा लावून उभे. कागदाला मोहरीएवढं भोक होतं.

"उजेड बाहेर येतोय का, अण्णा?"

"येतोय... थोडा," म्हणाले आणि पुढे चालू लागले. गल्लीतली फट न् फट बुजवणाऱ्या या माणसानं ते भोक मात्र कधी बुजवलं नाही. एरवी देवापुढे त्यांना हात जोडताना मी पाहिलं नव्हतं.

युद्ध संपलं, घरोघरचे कागद निघाले. ह्यांच्याबद्दल 'बेपत्ता' एवढीच तार आली होती, पुढे काही नाही. जो तो मला कुंकू उतरवायचं शहाणपण शिकवायला येई. मी खिडकीचा कागद काढायला गेले तेव्हा अण्णा म्हणाले, "राहू दे. आपल्या घरचं युद्ध अजून संपायचंय." त्या एका वाक्यावर मी इतके दिवस काढले आहेत.

घरी पोचले तर सासूबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसलेल्या. देवघरात दिवा तेवत होता आणि गंगव्वा न्हाऊन ओल्या लुगड्यानिशी वात सारत होती. सोवळ्याओवळ्याच्या इतक्या कडक सासूबाई, पण त्यांनी स्वतः तिला आत बोलावलं होतं. मला पाहून गंगव्वा म्हणाली, "मास्तर गेलं म्हनून दिवा जायाचा काय, अक्का?" मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, आणि मी रडलेही.

सुतक फिटलं. ह्यांचं सुतक आम्ही अजून धरलेलं नाही, माझं कुंकूही तसंच आहे. परवा दिवेलागणीला मी सहज बाहेर गेले आणि त्या खिडकीपाशी थांबले. कागदाला डोळा लावला. माझी पावलं थांबलेली आत ऐकू गेली असावीत, कारण रोजच्या सवयीचा वाटावा असा सासूबाईंचा आवाज आला, "अण्णा, दिसतोय का रे?"

मग आत घाईघाईनं पळी-ताम्हन आवरल्याचा आवाज झाला. त्यांचं त्यांनाच कळलं असावं.

"दिसतोय, आई," मी म्हटलं.