खडेचाचा आणि माझ्या सायकलीचा नट

ओमानात लष्कराची तीन विमानं मी एकट्यानं अख्खी सकाळ जमिनीवर बसवून ठेवली होती. हत्यार म्हणाल तर सायकलीचा एक नट, आणि पकडला गेलो तो खोबरेलाच्या वासावरून.

पकडलं खडेचाचांनी. आमचा तळ छोटा. एक धावपट्टी, कडेनं बराकी, मेस, मशीद, पुढं नुसती वाळू. उजाडलं की आम्ही बारा जण आडव्या ओळीत पट्टीवरून चालायचो, खडा, तार, खिळा दिसेल ते उचलत. बारका खडा इंजिनात गेला तरी विमानाचं वाटोळं. शाळेत मास्तर ओरडायचे, "खाली काय बघतोस, फळ्याकडं बघ." मी दुसरीतच शाळा सोडली आणि पुढं खाली बघायचाच पगार घ्यायला लागलो.

चाचा गुहागरकडचे, आमचे म्होरके. ओळीच्या मधोमध चालायचे. आमचे बूट जाड, त्यांचे झिजून कागद झालेले कॅनव्हासचे. चाचांना नीट दिसत नाही, ते तळव्यानं खडे शोधतात, हे माझ्या टाळक्यात शिरायला दोन वर्षं गेली. विचारलं तर म्हणाले, "बोंबलू नको. गावी घरावर स्लॅब पडला की जातोच मी."

तेवढ्यात नवा ऑफिसर आला. म्हणाला, म्हातारा थकला, उद्या मी स्वतः बघतो त्याला काही सापडतं का, नाहीतर खलास, घरी पाठवा.

मग मी डोकं चालवलं. तिथंच चुकलं. सायकलीचा चांगला मोठा नट काढला आणि सकाळी चाचांच्या वाटेत हळूच टाकला. त्यांच्या पायाखाली आला, त्यांनी हात वर केला, ऑफिसर खूश. मी पण खूश. पण खडा सापडला तर बादलीत जातो. नट सापडला तर तो कुठल्या विमानातनं गळला हे कळेपर्यंत एकही विमान उडत नाही, हे मी विसरलो होतो. मेकॅनिक लोक बॅटऱ्या घेऊन विमानांच्या पोटाखाली शिरले. मी बादलीच्या मागं लपायला बघत होतो.

चाचांनी नट बोटांत फिरवला, नाकाला लावला. "साब, ये जहाज का नहीं है. जहाज को नारियल का तेल कौन लगाता है?"

अकराही माना माझ्याकडं वळल्या. मेसमधलं खोबरेल सायकलच्या चेनला लावणारा तळावर मी एकटाच.

ऑफिसर आधी लाल झाला, मग हसला. "बुढ्ढे का नाक अच्छा है. रहने दो." चाचा राहिले. माझी सायकल जप्त झाली.

दुसऱ्या दिवशी मी फुगून पट्टीकडं चालत निघालो, तर चाचा पट्टीवर नेणारी गाडी सोडून माझ्याबरोबर चालायला लागले. म्हटलं, "तुमच्यासाठीच केलं होतं. गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"माझ्यासाठी केलंस, ते कळलं रे. पण तिथं विमानात कुणाचा तरी पोरगा बसतो. त्याच्या वाटेत नट टाकून मला स्लॅब नको."

आठ महिन्यांनी घरावर स्लॅब पडला आणि चाचा गावी गेले. जाताना बूट मला दिले. अंगठा बाहेर येतो, तरी घालतो.

आता मधोमध मी चालतो. परवा राहवलं नाही, तिथूनच फोन लावला. "चाचा, तुमच्या जागेवरनं बोलतोय."

"पट्टीवर फोन घेऊन गेलास?"

"हो."

"मग आजचा सगळ्यात मोठा खडा तूच. हो बाजूला."