साक्षीपुरती चोरी

एरिफाझी बाकेइनेच्या आयुष्यात एकच खोट होती. त्याने पाप म्हणावं असं काही केलंच नव्हतं. दारूला शिवला नाही, बायकोवर हात उगारला नाही, शेजाऱ्याच्या बांधावरची शेंगही तोडली नाही. डोंगरउतारावरच्या तुकड्यात ज्वारी आणि रताळी लावावीत, रविवारी ख्रिस्ताच्या देवळात ढोल बडवावा, एवढाच त्याचा पसारा. असा माणूस सुखाने जगून मरायचा. पण एका सकाळी ज्वारी निंदताना त्याला प्रभूची हाक ऐकू आली. जा, सुवार्ता सांग.

तो तडक झाकारियाकडे गेला. झाकारिया हा तारण झालेल्यांच्या, म्हणजे पाप सोडून प्रभूला शरण आलेल्यांच्या, मंडळीचा म्होरक्या. दरवर्षी कापणीनंतर तो दहा जणांना लॉरीत घालून तळ्याकाठच्या कोळीवस्त्यांत प्रचाराला नेत असे.

"तुझी साक्ष काय?" झाकारियाने विचारलं.

"माझं प्रभूवर प्रेम आहे."

"ते बकरीचंही असेल. आधी तू कसा होतास, ते सांग."

झाकारियाची स्वतःची साक्ष अख्ख्या डोंगराला पाठ होती. चार बायका, मुकादमाचा फोडलेला जबडा, एका बैठकीत रिकामी केलेली ज्वारीच्या दारूची डोणी. जुन्या माणसांना त्याची एकच बायको आठवत होती, पण तारणाच्या कामात इतकं बारीक कोण बघतो?

"मी आधीही असाच होतो," एरिफाझी ओशाळून म्हणाला.

"मग हे ऐकून कोणता कोळी जाळं टाकून उठेल? माणूस चिखलातून ओढून काढलेला दिसला पाहिजे, बंधू. तू तर चिखलात पायच घातला नाहीस."

पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी एरिफाझी उभा राहिला. लहानपणी चोरून मोडलेल्या उसाचं सांगायचं त्याने ठरवलं होतं. पण ऊस ऐकताच बाकांवर जांभया सुरू झाल्या, झाकारिया खिडकीबाहेर बघायला लागला, आणि जिभेला तर हाड नसतंच.

"नऊ वर्षांपूर्वी मुझेई तिबेसिग्वाची गाय नाहीशी झाली ना? ती मी चोरली!"

देऊळ दणाणलं. झाकारियाने बाकावरून उडी मारून त्याला मिठी मारली. श्वासभर एरिफाझी स्वर्गात होता. मग झाकारिया ओरडला, "चला, गाय परत करू!"

या मंडळीत कबूल केलेली चोरी परत करायची असते, तीही गात-वाजत, सगळ्यांनी मिळून. अशा दहा मिरवणुकांत ढोल एरिफाझीनेच वाजवला होता. आणि हे नेमकं आजच तो विसरला होता.

घरात गाय एकच, तीही एसेझाची, त्याच्या बायकोची. सहा वर्षं चटया विणून तिने ती घेतली होती. गाय गाभण होती. गर्दी अंगणात शिरली तेव्हा एसेझा दाव्यापुढे उभी राहिली.

"नऊ वर्षांपूर्वी? अहो, त्या साली पाय मोडून तुम्ही माझ्या माहेरी खाटेवर पडला होतात. मी उचलून परसात नेत होते तुम्हाला. गाय काय रांगत जाऊन चोरलीत?"

"भगिनी, सैतान तुझ्या तोंडून बोलतोय," झाकारिया म्हणाला.

"सैतानाला निदान सालं तरी नीट आठवतात!"

गाय गेली. तिबेसिग्वाला सगळे मुझेई, म्हणजे म्हातारबा, म्हणायचे; तो चार घरं सोडून राहायचा. पक्का दारुडा, देवळाची पायरी कधी चढला नाही. गाय बघून म्हातारा नाचायला हवा होता, पण त्याची पाचावर धारण बसली. "राहू दे, राहू दे, ही तुमच्याकडेच ठेवा," तो पुटपुटला. तोवर त्याच्या म्हातारीने दावं हातात घेतलंही होतं.

चार दिवस एसेझाने नवऱ्याला बिनदुधाची पेज वाढली, एक शब्द न बोलता. पाचव्या दिवशी बोलली.

"गाय गेली ते सोसेन मी. पाणवठ्यावर आपल्या पोरीला चोराची पोर म्हणाले. पाण्याचा कॅन तिथेच टाकून रडत आली ती. तुमच्या हाकेसाठी तिचं नाव का घालवलंत?"

एरिफाझीला लाजेने तोंड वर करवेना. पेज तशीच राहिली.

पुढचा रविवार निरोपाचा. दहा प्रचारक पुढे उभे, त्यांत एरिफाझीही, बाहेर लॉरी तयार. गाय मिळाल्याबद्दल आभार मानायला म्हातारीने तिबेसिग्वालाही ओढून आणलं होतं. एरिफाझी एक पाऊल पुढे आला.

"मी खोटं बोललो. गाय मी चोरली नाही. मला साक्ष हवी होती, म्हणून रचलं सगळं."

मग मागच्या बाकावरच्या कोणीतरी झाकारियाकडे बघितलं. मग आणखी कोणीतरी. झाकारियाने घाईघाईने गाणं उचललं आणि उरलेल्या नऊ प्रचारकांनी पत्रे थरथरतील असा सूर लावला. मोठ्याने गाणं भागच होतं, कारण प्रत्येकाच्या साक्षीत थोडं पाणी होतं.

"बंद करा ते गाणं!" तिबेसिग्वा ओरडला. "खरं बोलतोय तो. गाय चोरीला गेलीच नव्हती. मीच विकली, आठवडाभर प्यालो आणि हिला सांगितलं, चोर आले. आठ दिवस त्याची गाय माझ्या दारात हंबरतेय. ऐकवत नाही मला आता."

म्हातारीने छत्री उगारली, पण त्याआधीच तो झाकारियाच्या मिठीत होता. दारुडा, लबाड, नऊ वर्षं बायकोला फसवत आलेला, आणि वर सगळं खरं! अशी साक्ष झाकारियाच्या हाती जन्मात लागली नव्हती.

"मुझेई, लॉरीत बसा!"

"आणि मी?" एरिफाझीने विचारलं.

"तू आता चोरही राहिला नाहीस, बंधू."

"देवळात खोटी साक्ष दिली, हे पाप नाही?"

"आहे ना," झाकारिया त्याच्या कानाशी म्हणाला, "पण ते उघड्यावर सांगायचं नसतं."

लॉरी वळणं घेत तळ्याकडे उतरत गेली. मागे उभा राहून तिबेसिग्वा टोपी हलवत होता. एसेझा तिबेसिग्वाच्या दारातून गाय सोडवून रस्त्यावर आली आणि नवऱ्याच्या शेजारी थांबली.

"तुम्ही खरं बोललात, म्हणून म्हाताऱ्याला तोंड फुटलं," ती म्हणाली. "तुम्हाला हाक आली होती ना? झालं की ते काम. चार घरांवरच होतं."

एरिफाझी लॉरीकडेच बघत राहिला. काम झालं होतं, हे त्याला कळत होतं. पण त्याला लॉरीत बसायचं होतं.