बायकोच्या लॅपटॉपचा मराठी आवाज

बायकोची दृष्टी अधू होत गेली, तसा लॅपटॉपच तिला पडद्यावरचं वाचून दाखवू लागला. पण त्याचं मराठी भयंकर. ‘बाळ’चं तो ‘बाल’ करायचा. आखातातल्या आमच्या मुऐदर वस्तीतल्या मराठी कुटुंबांच्या मुलांना ती दर शुक्रवारी संध्याकाळी ऑनलाइन मराठी शिकवायची. गोष्ट लॅपटॉपवरून इअरफोनमधून आधी तिच्या कानात यायची, मग ती समोरच्या फोनवरून मुलांना सांगायची.

एका शुक्रवारी सकाळी मला चांगला मराठी आवाज सापडला. मात्र हा लॅपटॉप ज्या लिनक्स प्रणालीवर चालतो, तिच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर-भांडारात तो नव्हता. काही हौशी मंडळींनी आपली वेगळी रिपॉझिटरी, म्हणजे असंच एक भांडार, चालवली होती. ती जोडायची म्हणजे त्यांच्याकडून येणाऱ्या पॅकेजेसवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांवर, भरवसा ठेवायला सिस्टिमला सांगायचं. माझा हात अडला. बँकेचे मेसेज, डोळ्यांचे रिपोर्ट, सगळं ती याच लॅपटॉपवर ऐकायची. त्या मंडळींबद्दल मिळेल ते वाचून काढलं आणि शेवटी जोडली.

आवाज आला, छान आला. मग सवयीने मी सगळं अपडेट केलं. त्या रिपॉझिटरीत ध्वनीची नवी पॅकेजेसही होती, तीही आत शिरली. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर तो मुका.

“अरे, हा बोलत का नाही?” इअरफोन चाचपत तिने विचारलं.

“बघतोय.”

“क्लास आहे माझा.”

“माहितीये गं!” मी जरा जोरातच बोललो.

 तिच्यासमोर उघडा लॅपटॉप आणि तिला त्यातलं काहीच कळत नव्हतं.  रिपॉझिटरी काढून टाकली, तरी तिथून आलेली पॅकेजेस तशीच राहिली. मग एकेक शोधून जुनी आवृत्ती परत बसवत गेलो. दुपारचं जेवण तसंच राहिलं. अखेर इअरफोनमधून खरखर आली आणि जुना आवाज बोलू लागला.

“खलास. आता याला हात लावणार नाही,” मी म्हणालो.

“नाही, तो नवा आवाज हवाय मला,” ती म्हणाली. “तेवढा एकच आण. बाकी काही घेऊ नकोस.”

घाबरतच रिपॉझिटरी पुन्हा जोडली. या वेळी तिथून फक्त आवाज घ्यायचा, असं सिस्टिमला बजावलं. चालला.

संध्याकाळी क्लास सुरू झाला आणि मी दाराबाहेर उभा राहिलो. गोष्ट सांगता सांगता ती थांबली, की मला वाटायचं, आवाज पुन्हा गेला. मग आतून फोनवर एखाद्या मुलाचं इंग्रजीतलं उत्तर ऐकू यायचं, म्हणजे ती फक्त प्रश्न विचारून थांबलेली असायची.